परिणाम, प्रभाव आणि जोर : इंग्रजी शब्दांची पारख

आपल्या अंकात मराठी व कानडी शेजारी नांदतात. माझे मूळ गाव पांढुर्ण्याकडचे. तेथे घरात मराठी, तर शाळेत आणि कचेरीत हिंदी चालते. पांढुर्णा व सौंसर हा मराठी मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन त्याचा पांढुर्णा जिल्हा झाला. अशा दुभाषी मुलुखातील विद्यार्थी इंग्रजी लिहू लागला म्हणजे 'परिणाम' या अर्थाच्या शब्दांपाशी हमखास अडतो. त्याचे मूळ आपल्याच भाषांत सापडते.

परीक्षेचा मराठीत 'निकाल' लागतो, कानडीत 'फलितांश'. हिंदीत मात्र 'परीक्षा परिणाम' निघतो. त्यामुळे 'परिणाम' म्हटले की आमच्याकडचा विद्यार्थी 'रिझल्ट' लिहून मोकळा होतो. गारपिटीचा संत्र्यावर झालेला परिणाम हा 'इफेक्ट' होय. एखाद्या गोष्टीची अखेर काय झाली ते 'रिझल्ट' सांगतो. एका वस्तूमुळे दुसरीत काय बदल झाला ते 'इफेक्ट' सांगतो.

दुसरी अडचण 'वर' या प्रत्ययाची. मराठीत 'बागेवर' परिणाम होतो, हिंदीत 'पर' येते, कानडीत 'मेले'. म्हणून 'हेल अफेक्टेड ऑन द ऑर्चर्ड' असे वाक्य सहज उतरते. ते चूक आहे. 'इफेक्ट' हे नाम असताना पुढे 'ऑन' हवे. 'अफेक्ट' या क्रियापदापुढे ते नको. 'हेल अफेक्टेड द ऑर्चर्ड' एवढे पुरे. 'इन्फ्लुअन्स' नाम असेल तर 'ऑन' घेते, क्रियापद असेल तर घेत नाही.

'इफेक्ट' क्रियापद म्हणूनही येते, आणि खरा धोका तेथेच आहे. त्याचा अर्थ 'घडवून आणणे'. नुकसानभरपाईच्या अर्जात पीक गारपिटीने 'अफेक्टेड' झाले असे लिहावयाचे, तेथे 'इफेक्टेड' पडले, तर गारपिटीनेच पीक आणले असा अर्थ होतो! लक्षात ठेवण्याची युक्ती सोपी आहे : इंग्रजी वर्णमालेत 'ए' आधी, 'ई' नंतर, तसेच क्रिया आधी, तिचा परिणाम नंतर.

आता 'जोर' घेऊ. मराठीत पाण्याला, माणसाला, दोराला, पंपाला सगळ्यांनाच जोर असतो. इंग्रजी तो वाटून देते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते. दगड ज्या जोराने येतो तो 'फोर्स', तो आदळतो तो आघात 'इम्पॅक्ट', आणि पाण्यात उभे राहून टिकाव धरणाऱ्याच्या अंगी असते ती 'स्ट्रेंग्थ'. विहिरीवरच्या मोटारीचा जोर मात्र 'पॉवर', म्हणूनच तो हॉर्सपॉवरमध्ये मोजतात. पदार्थविज्ञानात तर 'फोर्स' म्हणजे बल आणि 'पॉवर' म्हणजे काम करण्याचा वेग. तेथे अदलाबदल केल्यास उत्तरच चुकते. कायद्याला मात्र बलही आहे आणि परिणामही : तो लागू होतो तेव्हा 'कम्स इन्टू फोर्स' किंवा 'टेक्स इफेक्ट', दोन्ही शुद्ध.

तेव्हा लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : जोर कोणाचा, तो कोणावर पडला, आणि मागे काय उरले? उत्तर आधी आपल्या भाषेत स्पष्ट झाले की योग्य इंग्रजी शब्द निवडणे कठीण जात नाही.