डॉक्टर दारूबद्दल का विचारत नाहीत?



टोकावडे परिसरातील पाड्यांवर काम करताना एक गोष्ट वारंवार दिसते. दारू पिणारा माणूस डॉक्टरकडे जात नाही, असे नाही. तो जातो, पण दारूसाठी जात नाही. पोटात जळजळते, सकाळी उलटी होते, झोप लागत नाही, मोटारसायकलवरून पडून लागले किंवा कावीळ झाली, म्हणून तो जातो. डॉक्टर इंजेक्शन देतात, सलाईन लावतात, ॲसिडिटीच्या गोळ्या देतात. दोन दिवसांत त्याला बरे वाटते आणि महिन्याभरात तो पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतो. ज्या दारूमुळे हे सारे होते, तिचा विषय तपासणीच्या खोलीत निघतच नाही.

ही केवळ मुरबाड-शहापूरची गोष्ट नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसली तरी मदत मिळते आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एकच असतो.

डॉक्टर गप्प का राहतात?

डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. बाजाराच्या दिवशी बाहेर मोठी रांग असते आणि एका रुग्णाला जेमतेम पाच मिनिटे मिळतात. “दारू पिता का?” असे विचारले तर माणूस रागावेल आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दवाखान्यात जाईल, अशी खाजगी डॉक्टरांना धास्ती असते. यकृताच्या आजारावर काय द्यायचे हे त्यांना शिकवलेले असते, परंतु पिणाऱ्याशी कसे बोलायचे हे फारसे शिकवलेले नसते.

सर्वांत मोठा अडथळा म्हणजे “हे लोक सुधारत नाहीत” हा समज. तो का होतो, हे समजण्यासारखे आहे. ज्याची सुटली नाही, तो पुन्हा पुन्हा दवाखान्यात येतो. ज्याची सुटली, तो “डॉक्टर, मी सोडली” असे सांगायला येत नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर फक्त अपयशच राहते.

रुग्णाचीही अडचण असते. शेजारी बायको किंवा सून उभी असते. आमच्या ठाकूर, कातकरी बांधवांना तर “तुम्ही लोक पिताच” हे वाक्य इतक्यांदा ऐकावे लागले आहे, की प्रश्न निघताच ते मान खाली घालतात. दरडावून “पितोस ना?” म्हटले की उत्तर ठरलेले असते: “नाही साहेब.” तेच शांतपणे विचारले, “मामा, आठवड्यातून किती दिवस होते? एका वेळी किती?” तर बहुतेक जण खरे सांगतात.

प्रमाण समजून घेणेही महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे एक ‘माप’ म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की किंवा रमच्या १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये अशी सुमारे सहा मापे असतात. म्हणजे “रोज फक्त एक क्वार्टर” हे थोडे पिणे नव्हे. हातभट्टीच्या दारूत किती अल्कोहोल आहे, हे तर विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

गोव्यात काय दिसले?

बोलण्याने खरेच फरक पडतो का? याचे उत्तर शेजारच्या गोव्यातून मिळाले आहे. ‘संगाथ’ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे पुरुष अपायकारक प्रमाणात पिणारे होते, पण पूर्ण आहारी गेलेले नव्हते. एका गटाच्या बाबतीत त्यांच्या पिण्याची माहिती फक्त डॉक्टरांना दिली गेली. दुसऱ्या गटाला त्याशिवाय समुपदेशनाच्या एक ते चार बैठका मिळाल्या. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ती प्रशिक्षण घेतलेली साधी स्थानिक माणसे होती.

तीन महिन्यांनी पहिल्या गटातील २६ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. वर्षभरानंतर हे प्रमाण ३२ आणि ५४ टक्के होते. म्हणजे थोडे, पण नीट बोलणे वाया जात नाही, आणि ते सर्व ओझे एकट्या डॉक्टरांनी उचलण्याचीही गरज नाही. डॉक्टरांनी प्रश्न विचारावा आणि पुढची वाट दाखवावी. सोबत चालायला आशाताई, कार्यकर्ते आणि मंडळीतील समजदार माणसे असू शकतात.

एक गंभीर सावधगिरी

प्रार्थनासभेत उभे राहून “आजपासून सोडली” असे सांगणाऱ्याबद्दल आपल्याला आनंद होतो, तो योग्यच आहे. परंतु जो अनेक वर्षे रोज भरपूर पितो आणि सकाळी प्यायल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात, त्याने एकदम सोडणे जिवावर बेतू शकते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमात जातो, नसलेले दिसते, अंगात ताप चढतो. घरचे म्हणतात, “बाहेरचे झाले,” आणि भगताकडे नेतात. हा आजार आहे, त्यावर औषध आहे, आणि तो वेळेत रुग्णालयात पोचला पाहिजे. म्हणून अशा माणसाने निर्णय घेतला की त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. शपथ आणि औषध हातात हात घालून चालोत.

“न सांगता दारू सोडवा” अशा जाहिराती एसटी स्टँडवर दिसतात. माणसाच्या नकळत चहात किंवा भाजीत गोळी मिसळू नये. दारू सोडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही औषधांवर दारू प्यायल्यास रक्तदाब एकदम खाली जाऊन जीव धोक्यात येतो. क्षयरोगाची औषधे चालू असलेल्याने तर पिण्याची गोष्ट डॉक्टरांपासून मुळीच लपवू नये, कारण यकृतावर दोन्हींचा भार पडतो.

आपण काय करू शकतो?

- रुग्णासोबत दवाखान्यात जा. त्याची परवानगी घेऊन डॉक्टरांना सांगा, “यांना दारूचा त्रास आहे, त्याबद्दलही बोला.”
- तुमच्या मंडळीत कोणी डॉक्टर किंवा परिचारिका असतील, तर हा लेख त्यांना वाचायला द्या. तपासताना प्रत्येकाला, लाज न आणता, हा प्रश्न विचारण्याची त्यांना विनंती करा.
- केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही मोफत हेल्पलाइन आहे. हे क्रमांक चर्चच्या फलकावर लावा.
- दाखल करण्याची गरज असल्यास पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करत आहे. जाण्या-येण्याचा खर्च आणि मागे राहिलेल्या घराची चूल, या दोन गोष्टींसाठी कुटुंबाला हात द्या.
- पुन्हा घसरलेल्याला हिणवू नका. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण रुग्णाला घराबाहेर काढत नाही. त्याला पुन्हा डॉक्टरांकडे नेतो. इथेही तेच करायचे आहे.

दिवाळीनंतर आपली अनेक कुटुंबे वीटभट्टीवर जातील. तिथे दवाखाना लांब आणि दारू जवळ असते. ती निघण्यापूर्वीचे हे आठवडे महत्त्वाचे आहेत. तुमच्या ओळखीतल्या एका माणसाला या काळात डॉक्टरांसमोर नेऊन बसवता आले, तर तेवढे जरूर करा.