युद्धानंतरचा कौल आणि कागदाचा पुरावा

युद्ध संपते न संपते तोच राज्यकर्त्यांच्या तोंडी आश्वासनांची भाषा येते. तिच्यामागे औदार्य असतेच असे नाही. बहुधा हिशेब असतो. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साताऱ्याहून काढलेला जाहीरनामा हा त्याचा नमुना होय. सातारा पडला होता, पण बाजीराव अद्याप हाती लागला नव्हता. अशा वेळी वतने, इनामे, नेमणुका व देवस्थाने चालू ठेवण्याचे वचन रयतेला देण्यात आले. पुढे राज्य स्थिरावले, आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशन दप्तरे तपासू लागले. हक्क सिद्ध करण्याचे ओझे आता वचन घेणाऱ्याच्या शिरावर आले.

इनामदारापाशी निदान सनद तरी होती. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिल्लांपाशी तीही नव्हती. घाटवाटांची राखण आणि त्याबद्दलचा हक्क हे सारे परंपरेने चालत आलेले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने एका हाताने नेमणुका देऊ केल्या व दुसऱ्या हाताने फौज पाठविली. परंतु मुलूख शांत झाला नाही. म्हणून १८२५ मध्ये धोरण पालटले. तीन भिल्ल एजन्स्या स्थापन झाल्या. नंदुरबार व सुलतानपूरकडील प्रदेश त्यांपैकी वायव्य एजन्सीत आला. कसण्यास पडीक जमीन व तगाई देऊन भिल्लांना वसविण्यात आले, आणि जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. मोहिमेपेक्षा पगार आणि तगाई स्वस्त पडतात, हे अर्थशास्त्र कंपनी सरकारला उमगले होते.

मात्र शांततेची गरज भागली की तिची किंमतही उतरते. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावर सरकारची मालकी पक्की झाली, आणि कालपर्यंतची उपजीविका गुन्हा ठरू लागली. दुसरीकडे सावकाराच्या वहीने जमिनी गिळल्या. त्या सोडविण्यासाठी स्वातंत्र्यानंतर पाव शतकाने शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग महाराज व श्रमिक संघटना यांना लढा उभारावा लागला. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा त्यानंतर, १९७५ च्या सुमारास, अमलात आला.

१ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील शंभरांत सुमारे ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांच्या दृष्टीने २००६ चा वनहक्क कायदा हा नुसता आणखी एक कायदा नव्हे. वनवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली त्याच्या प्रास्ताविकातच आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, त्याखालील नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदविलेला जबाबही पुरावा म्हणून मान्य केला. सनद नसलेल्याचा शब्द दप्तरात ग्राह्य ठरला.

म्हणूनच केवळ सरकारी कागद नाही एवढ्या कारणावरून जेथे दावा फेटाळला जातो, तेथे कायदा २००६ चा असला तरी मनोवृत्ती १८५२ चीच राहते. ज्यांना कधी कागद दिलाच नाही, त्यांच्याकडे तो मागणे हा न्याय नव्हे. वचन देणाऱ्याला त्याची गरज उरत नाही, तेव्हाच त्या वचनाची खरी कसोटी लागते. राज्यकर्ता कोण, हे १८१८ नंतर बदलले आहे; कौल पाळण्याची रीतही बदलली, हे मात्र दाव्यांच्या निकालांतूनच दिसले पाहिजे.