आढ्याखालची काजळी

सकाळी ७. डेव्हनमधल्या या खेड्यातल्या पबचं छप्पर दवाने ओलं आहे. शाकारणारा माझ्याआधी शिडीवर चढलेला.

८. आधी भिंती. माती आणि पेंढा तुडवून रचलेल्या या भिंतींना इथे कॉब म्हणतात. दीड हात तरी जाड, खाली दगडी जोतं. डोक्याला टोपी आणि पायाला चांगले बूट एवढंच कॉबला लागतं, असं इथली माणसं सांगतात. पन्हळ नाही, पुढे काढलेली वळचणच पाणी भिंतीपासून लांब टाकते. मागच्या बाजूला कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला आहे आणि आतली ओल तिथेच कोंडली आहे. तो काढून चुन्याचा करायला हवा.

१०. पाखाला जवळपास ५० अंशांचा उतार, म्हणून पाणी वरच्यावरच निथळून जातं. गव्हाच्या विंचरलेल्या काड्या, बुडखे बाहेर; हेझलच्या पिळलेल्या फोकांनी जखडलेल्या. बुटक्या गव्हाची काडी इथे पुरत नाही, म्हणून काही शेतकरी छपरासाठी १९६४ चा ‘मॅरिस विजन’ अजून पेरतात. आढं दहा-पंधरा वर्षांनी बदलतात. बाकी छप्पर जास्त टिकतं.

१२. माळ्यावर, बॅटरी घेऊन, पोटावर सरपटत. वाशांवरचा सगळ्यात खालचा थर कोळशासारखा काळा. या घराला चिमणी नव्हती तेव्हा जमिनीवरच्या आगटीचा धूर थेट या गवतात मुरायचा. डेव्हनमध्ये चिमण्या बहुतेक सोळाव्या-सतराव्या शतकात आल्या, काजळी त्याआधीची. पुढच्या पिढ्यांनी जुनं न काढता त्यावरच नवं शाकारलं. म्हणून त्या काळच्या शेतातल्या ओंब्या आणि तणसुद्धा इथे शाबूत आहेत. मी बोटही लावत नाही. आमच्या कोकणात दर पावसाळ्याआधी छप्पर नवं व्हायचं. इतकं जुनं गवत मी आयुष्यात प्रथम पाहते आहे.

२. चिमणीच्या भेगा. अशा छपरांच्या आगी बऱ्याचदा इथूनच लागतात. कॉर्नवॉलच्या पॅंडोरा इनचं छप्पर २०११ मध्ये आगीत गेलं, ते मनातून जात नाही.

४. खाली बारमध्ये, तुळईखाली मान वाकवून, अहवाल. एका ठेकेदाराने वाशांपर्यंत सगळं उतरवायचा प्रस्ताव दिला आहे. मी लिहिते: फक्त वरचा कुजलेला थर काढावा; काळा थर जागेवरून हलवू नये. खाली दोन रेघा ओढते.

५.३०. शाकारणारा फळीने काड्यांचे बुडखे ठोकून बसवतो आहे. उद्या आढं.