देणगी आणि करांतील सूट

आमच्या शाळेच्या वार्षिकांत कराचा विषय पाहून कित्येक विद्यार्थ्यांस नवल वाटेल. परंतु ज्या पालकांच्या हातीं हा अंक पडावयाचा, त्यांच्या घरीं मार्च महिना आला कीं हाच विषय निघतो. "अमक्या संस्थेस पैसे द्या, ते सरकार परत देतें," असें बोलणें यवतमाळच्या बाजारपेठेंत, बँकेंत, इतकेंच काय पण शिक्षकांच्या खोलींतही कानीं येतें. तें कितपत खरें आहे, हें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम ही गोष्ट ध्यानांत घ्यावी कीं, आपल्या जिल्ह्यांतील बहुतेक कुटुंबें कापूस, तूर व सोयाबीन ह्यांवर जगतात, आणि शेतीच्या उत्पन्नावर मध्यवर्ती सरकार आयकर घेत नाहीं. ज्यास करच नाहीं त्यास सूट कशांतून मिळणार? तेव्हां पांढरकवड्याकडील एखादा शेतकरी वसतिगृहास तुरीचें पोतें पाठवितो, तें निव्वळ देणें होय. सुटीचा प्रश्न उरतो तो पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील आणि जिनिंगचे मालक ह्यांचा.

आपल्या देशांत आयकर प्रथम १८६० सालीं जेम्स विल्सन ह्यांनीं आणला. १९२२ च्या कायद्यांत धर्मादाय देणग्यांसाठीं मागाहून एक कलम घालण्यांत आलें. पुढें १९६१ च्या कायद्यांत १९६८ पासून ८०जी हें कलम आलें, आणि लोक ही सूट आजही त्याच नांवानें ओळखतात. २०२५ सालीं संसदेनें नवा कायदा केला व १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरविली. कलमांचे आंकडे बदलले, तत्त्व बदललें नाहीं. लोकोपयोगी कामास दिलेल्या पैशावर, निदान त्याच्या अर्ध्यावर तरी, कर घेऊं नये, हेंच तें तत्त्व.

पण "कर घेऊं नये" आणि "पैसे परत" ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. समजा, एका शिक्षकाचें इतर वजाबाक्या होऊन उरलेलें वार्षिक उत्पन्न ९,००,००० रुपये आहे, व ते जुन्या पद्धतीनें कर भरतात. त्यांनीं एका मान्य संस्थेस १०,००० रुपये दिले. अशा बहुतेक संस्थांच्या बाबतींत देणगीचा निम्माच भाग, म्हणजे ५,००० रुपये, उत्पन्नांतून वजा होतो. त्यांच्या उत्पन्नाच्या वरच्या थरावर कराचा दर शेकडा २०. तेव्हां कर वांचला १,००० रुपये, व त्यावरील शेकडा ४ चा उपकर धरून १,०४०. बाकीचे ८,९६० रुपये त्यांच्या स्वतःच्या खिशांतून गेले. आठवीच्या विद्यार्थ्यांनीं हें शेंकडेवारीचें गणित पाटीवर करून पाहावें, आणि घरच्या मंडळींस दाखवावें. पंतप्रधानांचा राष्ट्रीय मदतनिधि किंवा मुख्यमंत्र्यांचा मदतनिधि ह्यांस दिलेली रक्कम मात्र पूर्ण वजा होते. तेथें वांचणारा कर दुप्पट, २,०८० रुपये. शिवाय बहुतेक संस्थांस उत्पन्नाच्या एकदशांशाची मर्यादा आहे. ह्याच शिक्षकांनीं उदार होऊन १,२०,००० रुपये दिले, तरी ९०,००० च हिशेबांत येतील व वजा होतील ४५,०००.

आतां नवी पद्धति. २०२३-२४ पासून, करदात्यानें स्वतः निवड न केल्यास, तीच लागू होते, आणि तिच्यांत ह्या देणग्यांची सूट नाहीं. उलट २०२५-२६ पासून त्या पद्धतींत १२,००,००० रुपयांपर्यंतच्या साधारण उत्पन्नावर कर द्यावाच लागत नाहीं. म्हणजे आमच्या उदाहरणांतील शिक्षकांनीं नवी पद्धति स्वीकारली, तर देणगी द्या वा न द्या, त्यांचा कर शून्यच! मार्च अखेरीस पावतीसाठीं होणारी धांवपळ अशा पुष्कळांच्या बाबतींत निरर्थक झाली आहे. ह्यामुळें देणग्या आटतील, अशी भीति कांहींजण बोलून दाखवितात. आम्हांस ती अर्धीच पटते. अंताजी दामोदर काळे ह्यांच्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला, तेव्हां एकेक पैसा देणाऱ्यांस सुटीचें नांवही ठाऊक नव्हतें. वणीहून वर्धा नदी ओलांडली कीं वरोरें लागतें. तेथें बाबा आमट्यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली, तेव्हां ८०जी कलम जन्मास यावयास जवळजवळ वीस वर्षें होतीं.

ज्यांस सूट घ्यावयाची आहे, त्यांनीं पावतीकडे नीट पाहावें. धर्मादाय आयुक्तांकडे संस्थेची नोंद आहे एवढ्यानें भागत नाहीं; आयकर खात्याची मान्यता निराळी असते, आणि तिचा क्रमांक पावतीवर हवा. २,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास ती रक्कम हिशेबांत धरीत नाहींत. चेकनें किंवा बँकेमार्फत द्यावी. धान्य, कपडे, पुस्तकें ह्यांस सूट नाहीं. २०२१-२२ पासून संस्थेनेंही देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत खात्याकडे पाठवून प्रत्येकास दाखला द्यावयाचा असतो. त्यामुळें कोऱ्या पावत्या विकणाऱ्या दलालांचें आतां लौकर उघडकीस येतें. १४ जुलै २०२५ रोजीं खात्यानें खोट्या वजावटींच्या संशयावरून देशांत सुमारें १५० ठिकाणीं तपासणी आरंभिली. दलाल पैसे घेऊन दूर होतो, आणि विवरणावर सही असते ती करदात्याची.

ह्या सर्वांत गुप्तदानास जागा नाहीं. शुभवर्तमानांत आणि आपल्या जुन्या रीतींतही न सांगतां देण्याचा मोठा गौरव आहे; परंतु उपासनेच्या वेळीं थाळींत किंवा देवळाच्या पेटींत टाकलेल्या पैशास पावती नाहीं, म्हणून सूटही नाहीं. इतकेंच नव्हे, तर निनांवी देणग्या ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास धर्मादाय संस्थेसच त्यांवर शेकडा ३० कर पडतो. निव्वळ धार्मिक संस्था ह्यांतून मोकळ्या आहेत. मात्र एकाच धर्माच्या वा जातीच्या लोकांपुरती असलेली संस्था सुटीस पात्र नाहीं. अनुसूचित जाति-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुलें ह्यांच्यासाठीं असलेल्या संस्थांस ही अडचण नाहीं. ह्यास्तव सर्वांस औषध देणारा दवाखाना पात्र होऊं शकतो. केवळ आपल्याच सभासदांस साह्य करणारा मंडळीचा निधि होत नाहीं.

पालकांस शेवटीं एक सांगावयाचें. प्रवेशाच्या वेळीं मागितलेल्या पैशास कोणी देणगी म्हटलें, तरी तो मोबदला होय, आणि अशी रक्कम घेण्यास महाराष्ट्रांत १९८७ च्या कायद्यानें बंदी आहे. शाळेची फीही देणगी नव्हे. जुन्या पद्धतींत दोन मुलांपर्यंतची शिकवणीची फी निराळ्या कलमाखालीं, विमा, भविष्यनिर्वाहनिधि इत्यादींसह एकूण १,५०,००० रुपयांच्या मर्यादेंत वजा होते. तिची पावती देणगीच्या पावतीपासून वेगळी ठेवावी.