सव्वादोन क्विंटलचं पाऊल

सत्तर किलो वजनाचा माणूस धावत येतो, पाण्यावर बसवलेल्या तिरप्या फळीवर उजवा पाय टाकतो आणि तो पुरता टेकायच्या आत डावीकडच्या फळीवर डावा टाकतो. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. चार फळ्या आणि जेमतेम दोन सेकंद. टीव्हीवर बघताना आपण म्हणतो, हे काय, पोरंसोरंही करतील. पण प्रत्येक फळीवर त्याच्या एका पंजावर जो भार पडतो, तो भरतो सव्वादोन क्विंटलच्या घरात. क्विंटल म्हणजे किती हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कापसाच्या गंजीवर उभं राहून ज्याने एकदा तरी काटा बघितला आहे, त्याच्या डोळ्यासमोर तेवढा ढीग आपोआप उभा राहतो. तो ढीग एका पंजावर, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यासाठी.

हा हिशेब मी सावकाश मांडणार आहे, कारण मला तो सुचला कौंडण्यपूरच्या घाटावर आणि तिथून डोक्यातून गेलाच नाही. उन्हाळ्यात वर्धेचं पाणी उतरलेलं होतं आणि काठचे दगड उघडे पडले होते. चार-पाच पोरं त्या दगडांवरून उड्या मारत जात होती. दगड सपाट नव्हते, एकेक कलता आणि शेवाळाने काळा पडलेला. मी दुसऱ्याच दगडावर तोल सावरायला थांबलो, तसा मागून एक जण ओरडला, "थांबू नोका काका! थांबलं का घसरते!" मी घसरलोच. पाणी घोट्याएवढं होतं, लागलं काही नाही. पण त्या पोराने जे पाच-सहा शब्दांत सांगितलं, ते जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध अडथळ्यांच्या शर्यतीतल्या पहिल्या अडथळ्याचं पूर्ण गणित आहे.

ती शर्यत म्हणजे जपानची 'सासुके'. टीबीएस या वाहिनीने ती १९९७ साली सुरू केली. बाहेरच्या जगात ती 'निंजा वॉरियर' म्हणून ओळखली जाते आणि २००९ पासून तिची अमेरिकन आवृत्तीही चालू आहे. आपल्याकडच्या एका पिढीला याच वाहिनीचा आधीचा खेळ जास्त ओळखीचा असेल, तो म्हणजे 'ताकेशीज कॅसल'. १९८६ साली तिकडे सुरू झालेला हा कार्यक्रम आपल्याकडे पोगोवर जावेद जाफरीच्या आवाजात घरोघर पोचला. त्यात तळ्यातल्या दगडांवरून पळायचं असायचं. काही दगड पक्के, काही नुसते तरंगणारे, आणि कोणता कसा हे पाय पडल्याशिवाय कळायचं नाही. 'सासुके'त असला छुपा डाव नाही. समोर काय आहे ते स्पष्ट दिसतं. पहिल्याच अडथळ्यात अनेकदा अशा तिरप्या फळ्या असतात: कधी चार, कधी पाच, अमेरिकेत कधी तरंगत्या, कधी पुढे पुढे लहान होत जाणाऱ्या. आणि तरी माणसं त्यावरून पाण्यात पडतात.

आता हिशेब. फळीचा कल चाळीस अंश धरू. आपल्याकडच्या कौलारू छपराचा उतार साधारण तीस अंशांच्या आसपास असतो, म्हणजे ही फळी कौलांपेक्षाही उभी झाली. पावसाळ्यात कौलं शाकारायला चढलेला माणूस किती जपून पाय टाकतो ते आठवावं. चाळीस अंशांच्या उतारावर नुसतं उभं राहायचं, तर बुटाच्या तळाची पकड ०.८४ हवी. पकडीचा हा आकडा म्हणजे घसरण थोपवणारं बळ भागिले दाबणारं बळ. कोरड्या लाकडावर कोरडं रबर ०.७ च्या आसपास धरलं, तर उभं राहताच येत नाही, माणूस घसरणारच. त्यात आधीच्या स्पर्धकाच्या अंगावरचं पाणी फळीवर सांडलेलं असलं तर बोलायलाच नको.

मग धावणारा का घसरत नाही? तो एका बाजूने सेकंदाला दोन मीटर वेगाने फळीवर येतो आणि तेवढ्याच वेगाने उलट बाजूला फेकला जातो. वेगातला एकूण फरक चार मीटर. पाय फळीवर टेकलेला असतो ०.२ सेकंद. सत्तर किलोला एवढ्या वेळात एवढं वळवायला आडवं बळ लागतं १४०० न्यूटन, म्हणजे १४० किलोचा आडवा रेटा. उभ्या दिशेला त्याला स्वतःचं वजन तर पेलायचंच असतं, शिवाय पुढच्या ०.३ सेकंदाच्या उडीची तयारीही याच टेकण्यात करायची असते, म्हणून तिथे १७५० न्यूटन. दोन्ही मिळून बळ २२४० न्यूटनच्या घरात जातं. तेच आपले सव्वादोन क्विंटल, अंगच्या वजनाच्या तिप्पट. पंजाचा टेकलेला भाग सत्तर चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर तीन किलोच्या वर दाब होतो. मोटारीच्या टायरमध्ये हवा भरतो ती सव्वादोन-अडीच किलोच्या आसपास. म्हणजे त्या क्षणी त्याचा तळवा टायरपेक्षा जोरात जमिनीला चिकटलेला असतो.

पण खरी थक्क करणारी गोष्ट भारात नाही, भाराच्या दिशेत आहे. १४०० आडवं आणि १७५० उभं, यांचं मिळून जे बळ होतं ते उभ्या रेषेपासून सुमारे ३९ अंश कललेलं असतं. आणि फळी कललेली आहे चाळीस अंश! म्हणजे धावणाऱ्याच्या दृष्टीने ती फळी तिरपी नाहीच. त्याचा पाय तिच्यावर जवळजवळ काटकोनात पडतो, सपाट अंगणात पडावा तसा. त्याला पकड लागते किती? ०.०२ च्या आसपास. त्या क्षणी फळीवर शेवाळ असलं काय अन् तेल असलं काय, फार बिघडत नाही.

आता तोच माणूस जरा बिचकला असं समजू. ०.२ च्या जागी ०.४ सेकंद टेकला, फक्त दुप्पट. आडवं बळ ७०० वर येतं, उभं १२२५ वर आणि बळाची दिशा तीस अंशांवर. फळीशी दहा अंशांची फारकत झाली, पकड लागते ०.१८. आणि पुरता थांबला की ०.८४. म्हणजे ०.०२ वरून ०.८४, चाळीस पट, आणि फरक कशाचा, तर क्षणभर विचार करण्याचा. उलट बाजूने जास्त घाई केली, ०.१५ सेकंदच टेकला, तर दिशा ४१-४२ अंशांवर जाते. फळीपासून फारकत दोनच अंशांची. घाई करणाऱ्याला हा अडथळा माफ करतो, पण सावध माणसाला करत नाही. हे मला फार विलक्षण वाटतं, कारण शाळेपासून आपल्याला शिकवलं जातं ते बरोबर उलटं, जपून पाय टाक म्हणून.

उडीचं मापही बघण्यासारखं आहे. ०.३ सेकंद हवेत राहायचं तर शरीर वर किती जातं? अकरा सेंटिमीटर. वीतभरही नाही. तेवढ्यात सेकंदाला चार मीटर वेगाने माणूस सव्वा मीटर पुढे सरकलेला असतो. घरात उंबरठा ओलांडताना आपण पाय उचलतो, त्याहून फार जास्त तो उचलत नाही. लांबून जी झेप वाटते, ती खरं तर चाल असते, अतिशय वेगाने केलेली आणि दोन्ही बाजूंना फेकलेली.

पहिल्या अडथळ्यानंतर काय वाढून ठेवलेलं असतं, ते आकड्यांतच सांगतो. 'सासुके'त दर स्पर्धेला शंभर जण आणि टप्पे चार. २०२२ साली चाळिसावी स्पर्धा झाली, तेव्हा स्पर्धकांचे क्रमांक ४०००वर पोचले होते. एकेक जण अनेकदा उतरलेला, पण उतरणी एकूण चार हजार. त्यातून चारही टप्पे पूर्ण झाले किती वेळा? सहा वेळा, चार माणसांकडून. काझुहिको आकियामा १९९९ मध्ये, माकोतो नागानो २००६ मध्ये, युजी उरुशिहारा २०१० आणि २०११ मध्ये, युसुके मोरिमोतो २०१५ आणि २०२० मध्ये. हजारी दीड. पूर्ण वाटेवर ढोबळमानाने वीस अडथळे धरून उलटा हिशेब केला, तर असं निघतं की प्रत्येक अडथळ्यावर शंभरातले सरासरी ७२ जण पार होतात. एकेका अडथळ्यासाठी ही वाईट सरासरी नाही. पण ७२ टक्के वीस वेळा एकमेकांवर चढले की हातात हजारी दीड उरतात. पहिल्याच फळीवर शंभरातले दहा गळाले, तर पुढचा सगळा डोलारा दहा टक्क्यांनी खचतो. शेवटच्या दोरावर कुणी हरला की सगळे हळहळतात, पहिल्या फळीवरून पडला की हसतात. गणिताच्या लेखी दोघांचं नुकसान सारखंच असतं, आणि मला पहिल्या फळीवरून पडणाऱ्याचंच जास्त वाईट वाटतं. वर्षभर घरामागे दोर बांधून हात कमावलेले असतात आणि हातांची पाळी येतच नाही.

जिंकणाऱ्यांत कोण होते हेही बघावं. आकियामा खेकडे धरणाऱ्या बोटीवर काम केलेला, नजरेने अधू. नागानो मासेमारी बोटीचा कप्तान. उरुशिहारा जोडे विकणारा. नागानोच्या वेळी या खेळातला शेवटचा मनोरा साडेबावीस मीटरचा होता, आणि तीस सेकंदांत चढायचा. नागानो २००३ साली तो चढला, पण बटण दाबायला ०.११ सेकंद उशीर झाला. त्या चालीने ०.११ सेकंद म्हणजे आठ सेंटिमीटर, चार बोटांहून किंचित जास्त. २००६ साली तो तोच मनोरा चढला तेव्हा २.५६ सेकंद शिल्लक होते. आठ सेंटिमीटर भरून काढायला तीन वर्षं.

साडेबावीस मीटर म्हणजे किती, हे अमरावतीकराला सांगायला माझ्याकडे स्वतःचं माप आहे. दोरीच्या मल्लखांबाचा सुती दोर साडेपाच मीटरचा असतो. असे चार दोर एकाखाली एक बांधले तरी तो मनोरा अर्धा मीटर उरतो. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीत १९१४ साली उभं राहिलं आणि १९३६ साली त्याच मंडळाचा चमू बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आला. 'सासुके' टीव्हीवर येण्याच्या सहा दशकं आधी. मल्लखांबावर पहिली उडी मारणाऱ्या पोराला वस्ताद जे ओरडून सांगतो, तेही तेच असतं: पकडीच्या आधी विचार नको. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आधुनिक पंचक्रीडेतली घोडेस्वारी गेली आणि तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली आहे. टीव्हीच्या खेळातून थेट ऑलिम्पिकमध्ये पोचलेली अशी शर्यत मला दुसरी आठवत नाही. आमच्या दोरांवर वाढलेली मुलं तिथे का नसावीत, हा प्रश्न मी गंभीरपणे विचारतो आहे.

मी ज्या घाटावर घसरलो, ते कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. इथून पंढरपूरला जाणारी पालखी १५९४ सालापासूनची सांगतात, संत सदाराम महाराजांनी सुरू केलेली. घाटावर बसल्या बसल्या मी तिचाही हिशेब करून पाहिला, कारण फळीवरच्या चार पावलांचा हिशेब तोवर कागदावर होता. कौंडण्यपूर ते पंढरपूर सरळ रेषेतच साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे, पायवाट त्याहून लांब. कमी धरून पाचशे घेऊ. पाऊल सत्तर सेंटिमीटरचं धरलं तर सात लाख चौदा हजार पावलं होतात. साठ किलोची एखादी बाई डोक्यावर तुळस घेऊन निघाली आहे. तुळशीचं वजन सोडून देऊ, उडी-बिडीही काही नाही, प्रत्येक पावलाला नुसतं अंगचं वजन पायावर. सात लाख चौदा हजार गुणिले साठ किलो, चार कोटी अठ्ठावीस लाख किलो. क्विंटलमध्ये सव्वाचार लाखांच्या वर. दहा टनी ट्रक घेतले तर ४,२८४ ट्रक. एका बाईच्या दोन पायांवरून, एका वारीत, एका बाजूच्या वाटेला.

निंजाच्या चार फळ्यांची बेरीज नऊ क्विंटल होते.

दोन्ही आकडे मी एकाच कागदावर एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत बसलो. स्पर्धकाला भार फार, पण वेळ क्षणाचा. वारकरी बाईला भार रोजचाच, पण त्याला खंड नाही. फळीवर ०.०२ पकडीवर निभावणारा आणि महिनाभर सात लाख वेळा पाऊल टाकणारी, दोघांचीही गणितं थांबण्यापाशीच बिघडतात. लांब चालणाऱ्याला विचारा, दुपारच्या विसाव्यानंतरची पहिली शंभर पावलं सगळ्यात जड जातात.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पोरं परत आली. मघाचा तो ओरडणारा पोरगा पुढे होता, वय फार तर दहा, वजन असेल पंचवीस किलो. त्याच हिशेबाने त्याच्या एका पंजावर ऐंशी किलो, म्हणजे माझं जवळजवळ सगळं अंग. सहा दगड त्याने तीन सेकंदांत पार केले, खाली न बघता. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पहिल्या दगडापासून चार पावलं मागे गेलो आणि धावत निघालो.