हिवताप परजीवीतील अधिजनुकीय नियमन

हिवताप परजीवीतील अधिजनुकीय नियमन म्हणजे डीएनएच्या अनुक्रमात बदल न करता जनुके चालू अथवा बंद ठेवणारी यंत्रणा होय. तिचा सर्वाधिक अभ्यास प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या परजीवीत झाला आहे. मानवी रक्तात महिनोन्‌महिने टिकून राहण्याची या परजीवीची क्षमता बऱ्याच अंशी याच यंत्रणेमुळे निर्माण होते.

व्हार जनुके

हा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरून वाढतो आणि सुमारे ४८ तासांनी ती फोडून बाहेर पडतो. वाढीच्या काळात तो पीएफईएमपी-१ हे प्रथिन रक्तपेशीच्या पृष्ठभागावर पाठवतो. त्यामुळे बाधित पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते व प्लीहेत नष्ट होण्यापासून वाचते. मात्र याच प्रथिनाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते.

या प्रथिनाची निरनिराळी रूपे घडवणारी सुमारे ६० 'व्हार' जनुके परजीवीत असतात. त्यांचा शोध १९९५ मध्ये लागला. एका परजीवीत एका वेळी सामान्यतः एकच व्हार जनुक कार्यरत असते. प्रतिपिंडांमुळे बहुतेक परजीवी मरतात. परंतु ज्या थोड्यांनी दुसरे जनुक चालू केलेले असते, ते वाचतात आणि पुन्हा वाढतात.

कार्यपद्धती

डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. बंद व्हार जनुकांजवळील एच-३ हिस्टोनच्या नवव्या लायसिनवर तीन मिथिल गट असतात. त्यांना एचपी-१ हे प्रथिन जोडले जाते आणि तो भाग केंद्रकाच्या कडेला घट्ट बांधला जातो. सर-२ विकरे हिस्टोनवरील ॲसिटिल गट काढून ही स्थिती राखण्यास मदत करतात. चालू जनुकाजवळील बांधणी मात्र सैल असते. पेशीविभाजनानंतरही ही स्थिती पुढील पिढ्यांत टिकते.

डासाकडे संक्रमण

एपी२-जी हे जनुकही एचपी-१ मुळे बंद असते. जीडीव्ही-१ हे प्रथिन एचपी-१ ला तेथून दूर करते, तेव्हा ते चालू होते आणि परजीवी लैंगिक अवस्थेकडे वळतो. डासाला संसर्ग याच अवस्थेतून होतो.

महत्त्व

व्हार२सीएसए हे रूप बाधित पेशींना अपरेस चिकटवते. त्यामुळे बालपणापासून हिवतापाविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवलेल्या स्त्रियाही पहिल्या गरोदरपणात पुन्हा असुरक्षित ठरतात. पुढील गरोदरपणांत या रूपाविरुद्धची प्रतिपिंडे काही संरक्षण देतात. या रूपावर आधारित लस विकसित करण्याचे प्रयत्न झाले आहेत.