वल्ह्यांचा मेळ

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शिरूर आणि दौंड हे दोन तालुके एकमेकांना लागून वसले आहेत. शिरूर गाव घोड नदीच्या काठी आहे. म्हणून जुनी माणसे त्याला घोडनदी असेही म्हणतात. दौंड शहर भीमेच्या काठी आहे. या दोन तालुक्यांच्या सीमेवरून बरेच अंतर भीमाच वाहते, आणि पुण्याहून येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ तिला मिळते. हा प्रदेश तसा कमी पावसाचा. तरीही नदीकाठच्या लोकांना होडी परकी नाही.

अष्टविनायकांपैकी सिद्धटेकचा गणपती भीमेच्या पैलतीरावर, अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. नदीवर पूल नव्हता तेव्हा दौंडकडून जाणारे यात्रेकरू शिरापूरच्या काठावर येऊन थांबत. तेथे नावाडी त्यांना होडीत बसवून पलीकडे नेई. म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून चढवावे, ओझे मधोमध ठेवावे, होडी एका बाजूस कलू देऊ नये, आणि प्रवाहाचा रोख ओळखून वल्हे मारावे, हे सारे त्याला अंगवळणी पडलेले असे. पुढे पूल झाला व होडीची ती निकड राहिली नाही. परंतु वल्हे काही संपले नाही. पैलतीरी पोचण्याचे हे साधन आज जगभर खेळाचे साधन झाले आहे. या खेळाला नौकानयन किंवा रोइंग म्हणतात.

हा खेळ नावाड्यांच्याच व्यवसायातून जन्माला आला. लंडन शहरातून थेम्स नदी वाहते. तीनशे वर्षांपूर्वी तिच्यावर पूल फारच थोडे होते. त्यामुळे हजारो नावाडी लोकांची ने-आण करीत असत. त्यांच्यातील तरुणांसाठी १७१५ साली टॉमस डॉगेट नावाच्या एका नटाने शर्यत सुरू केली. जिंकणाऱ्यास अंगरखा व चांदीचे पदक मिळे. ही शर्यत अद्यापही होते. पुढे शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी हा खेळ उचलला. १८२९ साली ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन विद्यापीठांत नौकांची पहिली शर्यत झाली. १९०० सालच्या पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत नौकानयनाच्या शर्यती प्रथम झाल्या, आणि १९७६ पासून त्यांत स्त्रियांनाही स्थान मिळाले.

ज्या मुळा-मुठेचे पाणी रांजणगाव सांडसला भीमेत येते, त्याच नदीवर वरच्या अंगाला, पुणे शहरात, हा खेळ गेली दीडशे वर्षे खेळला जात आहे. इंग्रजी अमदानीत १८६८ साली मुळा-मुठेच्या काठी एक नौका मंडळ स्थापन झाले. तेच आजचे रॉयल कॅनॉट बोट क्लब होय. त्या काळी अशी मंडळे मुख्यतः साहेबलोकांच्या करमणुकीसाठी असत. पुढे या देशातील विद्यार्थ्यांनीही वल्हे हाती घेतले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची इमारत संगमाजवळच आहे. तेथील विद्यार्थ्यांचा बोट क्लब प्रसिद्ध असून त्यांचा 'रेगाटा' नावाचा नौकोत्सव १९२८ पासून चालत आला आहे. त्याची सारी व्यवस्था विद्यार्थीच पाहतात. नौकांच्या नाना प्रकारच्या रचना ते पाण्यावर करून दाखवितात, आणि त्या पाहण्यास काठावर पुणेकरांची दाटी होते.

शर्यतीची नौका आणि नावाड्याची होडी यांत मात्र मोठे अंतर आहे. होडी रुंद व जड असते, कारण तिला माणसे आणि ओझी वाहावयाची असतात. शर्यतीच्या नौकेला केवळ वेग हवा असतो. म्हणून ती लांबलचक, अरुंद आणि आश्चर्य वाटावे इतकी हलकी करतात. एकट्याने वल्हवायची नौका सुमारे आठ मीटर लांब असते, पण नियमाप्रमाणे तिचे वजन १४ किलोग्रॅम एवढेच असले तरी चालते. इतकी लांब वस्तू एक मनुष्य सहज डोक्यावर घेऊन पाण्यापर्यंत चालत जातो. पूर्वी अशा नौका लाकडाच्या पातळ फळ्यांच्या करीत. आता त्या कार्बनच्या चिवट तंतूंपासून बनवितात. नौका इतकी अरुंद असते की, वल्ही हातातून सुटली तर ती तत्काळ कलंडते. सायकल जशी चालत असतानाच तोल सांभाळते, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

नवख्या माणसाला सर्वांत मोठे नवल वाटते ते बसण्याच्या रीतीचे. नौका ज्या दिशेस जाते, तिकडे नौकापटूची पाठ असते. आपण कोठे चाललो हे त्यास दिसत नाही; कोठून आलो एवढेच दिसते. असे बसण्यास कारण आहे. मनुष्याच्या अंगी ढकलण्यापेक्षा ओढण्याचे बळ पाठ, कंबर आणि पाय यांच्या साहाय्याने अधिक लावता येते. नौकेत पाय एका फळीवर घट्ट बांधलेले असतात आणि आसनाला खाली चाके असतात. नौकापटू गुडघे दुमडून पुढे सरकतो, वल्ह्याचे पाते पाण्यात उतरवितो, मग पायांनी फळी रेटीत मागे सरकतो आणि शेवटी हात छातीपर्यंत आणतो. लगेच पाते पाण्याबाहेर काढून आडवे करतो व पुन्हा पुढे सरकतो. शर्यतीत हे एका मिनिटात तीसचाळीस वेळा करावे लागते. पाहणाऱ्यास वाटते की, हे सारे दंडांचे काम आहे. वास्तविक बहुतेक जोर पायांचा असतो.

वल्हे ही एक तरफच आहे. ते नौकेच्या बाजूस असलेल्या खोबणीत अडकविलेले असते. त्या टेकूवर ते फिरते. पाते पाणी मागे रेटते आणि त्याच्याच उलट नौका पुढे जाते. प्रत्येक क्रियेस तितकीच व उलट दिशेची प्रतिक्रिया असते, हा विज्ञानाचा नियम येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. पाते फार खोल गेले तर जोर वाया जातो. उथळ राहिले तर पाणी नुसतेच उडते. ते पाण्याखाली झाकले जाईल इतकेच बुडाले पाहिजे.

शर्यतीचे अंतर बहुधा २००० मीटर असते. काही नौकांत एकेकटा, काहींत दोघे, चौघे किंवा आठजण बसतात. कोणी दोन्ही हातांत एकेक वल्हे घेतात, तर कोणी दोन्ही हातांनी मिळून एकच मोठे वल्हे चालवितात. आठजणांच्या नौकेत नववा मनुष्य असतो, तो सुकाणूधर. त्याच्या हाती वल्हे नसते, पण समोर पाहणारा तेवढा तोच असतो. नौका सरळ ठेवणे, वेग वाढविण्याची आज्ञा देणे आणि थकलेल्यांना धीर देणे ही त्याची कामे. बाकीच्या आठांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवूनच वल्हवायचे असते.

एकाहून अधिक माणसे नौकेत बसली की या खेळाचे खरे मर्म ध्यानात येते. बैलजोडीतला एक बैल ताकदवान असून उपयोगी नाही. दोघांची चाल जुळली नाही तर नांगराचे तास वाकडे जाते. नौकेचेही तसेच आहे. चौघांपैकी एकाने क्षणभर आधी पाते पाण्यात घातले, तर त्याच्या बळाने नौका पुढे न जाता डगमगते, आणि बाकीच्या तिघांचे श्रम फुकट जातात. म्हणून शेवटच्या टोकाजवळ बसलेला नौकापटू जी लय धरतो, तीच साऱ्यांनी धरावी लागते. या खेळात कोणी एक धावांचा डोंगर रचीत नाही, की कोणी एक गोल करून वाहवा मिळवीत नाही. नौका सर्वांना घेऊन एकदमच पोचते.

या खेळात महाराष्ट्राचे नाव उज्ज्वल करणारा एक नौकापटू पाण्याच्या काठी वाढलेला नाही. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. तो भाग दुष्काळाचा. तेथे १९९१ साली दत्तू बबन भोकनळ यांचा जन्म झाला. त्यांचे वडील विहिरी खणण्याचे काम करीत, आणि लहानपणापासून दत्तूही त्यांना हातभार लावीत. २०११ साली वडील वारले. घराचा भार अंगावर आला, तेव्हा दुसऱ्या वर्षी ते सैन्यात भरती झाले आणि पुण्याजवळ खडकी येथे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये दाखल झाले. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सैन्याचे नौकानयन केंद्र आहे. त्यांची उंची व अंगकाठी पाहून प्रशिक्षकांनी त्यांना या खेळाकडे वळविले. ज्या गावात पाण्यासाठी खोल खणावे लागे, तेथून आलेल्या या तरुणाला आरंभी पाण्याची भीती वाटे. ती त्यांनी नित्याच्या सरावाने घालविली.

पुढील प्रगती झपाट्याने झाली. २०१५ साली बीजिंग येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी एकेरी शर्यतीत रौप्यपदक मिळविले. २०१६ साली ते रिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरले. त्या वर्षी नौकानयनात भारताचे ते एकमेव खेळाडू होते. त्याच सुमारास त्यांची आई अपघातानंतर बेशुद्धावस्थेत होती. अशा मनःस्थितीत ते रिओला गेले आणि तेथे तेरावे आले. तोवर एकाही भारतीय नौकापटूला ऑलिंपिकमध्ये इतके वरचे स्थान मिळाले नव्हते.

पण त्यांच्या जीवनातील सर्वांत बोलका प्रसंग २०१८ सालच्या ऑगस्टमधील आहे. इंडोनेशियातील पालेमबांग येथे आशियाई क्रीडा सामन्यांच्या नौका शर्यती चालू होत्या. २३ तारखेला दत्तू एकेरीच्या अंतिम शर्यतीत उतरले. त्यांच्याकडून पदकाची फार आशा होती. परंतु प्रकृती ठीक नव्हती. ते सर्वांच्या मागे, सहाव्या क्रमांकावर राहिले. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांना चौघांच्या नौकेत बसायचे होते. सोबत सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग हे होते. दोघे पंजाबचे, एक राजस्थानचा आणि एक महाराष्ट्राचा; चौघेही सैनिक. चौघांपैकी एकाचे जरी मन कालच्या पराभवात अडकले असते, तरी नौकेची लय बिघडली असती. तसे झाले नाही. चार जणांची आठ वल्ही एकाच क्षणी पाण्यात उतरत राहिली, आणि ६ मिनिटे १७ सेकंदांत भारताची नौका सर्वांच्या पुढे पोचली. सुवर्णपदक भारताला मिळाले. आदल्या दिवशी एकटा मागे पडलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी तिघांच्या साथीने पहिला आला. २०२० साली भारत सरकारने दत्तू भोकनळ यांना अर्जुन पुरस्कार देऊन गौरविले.

दत्तूंना सराव मिळाला तो छावणीतील राखलेल्या पाण्यावर. इतर अनेकांच्या वाट्याला मात्र वाहती नदीच असते. पुण्यात मुळा-मुठेत शहराचे सांडपाणी येऊन मिसळते. त्या पाण्यावर जलपर्णी माजते. दुरून ते हिरवे शेत वाटते; पण त्यात वल्ह्याचे पाते अडकते आणि नौका पुढे जात नाही. जे पाणी पुण्यात नौकापटूच्या वल्ह्याला अडविते, तेच वाहत वाहत शिरूर-दौंडच्या शिवारात भीमेला मिळते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा दौंड तालुक्याच्या पूर्वेकडील गावांपर्यंत येतो. तेथे कोळी बांधव होड्यांतून मासेमारी करतात. त्यांच्या जाळ्यात काय यावे, हेही वरच्या गावांनी नदीत काय सोडले यावर अवलंबून असते.

नदीकाठची सारी गावे जणू एकाच नौकेत बसलेली आहेत. वरच्या गावाने लय मोडली तर खालच्या गावाची नौका डगमगते. पाण्यावर मिळवायच्या पदकांसाठी बळकट दंड आणि पाय हवेत, मेळ साधणारी मने हवीत, आणि स्वच्छ पाणीही हवे. पहिल्या दोन गोष्टी सरावाने येतात. तिसरी मात्र काठावरच्या प्रत्येक घराने राखावी लागते. शिरूर-दौंडकडची मुले भीमेच्या पुलावरून जाताना खाली पाहतील, तेव्हा शिरापूरच्या नावाड्याची आठवण त्यांनी ठेवावी. होडीतील प्रत्येक माणूस सुखरूप पैलतीरी पोचावा, हीच त्याची चिंता असे.

स्वाध्याय

१. शर्यतीची नौका व नावाड्याची होडी यांत कोणते फरक आहेत? ते कोणत्या कारणाने आहेत?
२. नौकापटू पुढच्या दिशेस पाठ करून का बसतो?
३. २३ व २४ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांतील घटना आपल्या शब्दांत लिहा.
४. 'नदीकाठची सारी गावे जणू एकाच नौकेत बसलेली आहेत' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
५. तुमच्या गावाजवळच्या नदीचे किंवा ओढ्याचे पाणी कोठून येते व पुढे कोठे जाते, हे मोठ्या माणसांना विचारून त्याचा नकाशा काढा.